दारामागच्या फुल्या

कळसाडी, ५ डिसेंबर २०२४

मयूरी,

आशीर्वाद लिहायचा की नाही ते पत्राच्या शेवटी ठरवीन.

फोन करत नाही, कारण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. अक्षर माझंच आहे, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. तिसरी पास झाले आणि बापाने दोन म्हशी हवाली केल्या. तेवढ्या तिसरीवर मी आजवर चालवलं आहे.

सरळ विचारते. सुरतेला माहेरी निघून जाताना तू त्या खोलीत काय ठेवून गेलीस?

तुझी आणि भावेशची, घरातल्या बोळीतली खोली. तू गेल्यापासून भावेश तिथे झोपत नाही, गच्चीवरच्या खोलीत जातो. यंदा ओसरीत गारठा फार, माझे गुडघे आखडतात, म्हणून दिवाळी झाल्यावर ती खोली मी घेतली. नातवाची खोली आजीने घेतली यात लाज कसली, घर मी बांधलं आहे. पण त्या दिवसापासून रोज सकाळी माझं डोकं धरतं. मानेतून वर चढतं आणि कपाळात येऊन बसतं. तोंडाला पाणी सुटतं, चहा नको वाटतो. अंगणात उन्हात बसले की दहापर्यंत उतरतं. दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर.

बहात्तर वर्षांत माझं डोकं दुखलं नाही. तुझे आजेसासरे बन्सीलाल गेले त्या दिवशीही नाही. तेव्हा हे माझं नाही, हे त्या खोलीचं आहे. गादी उसवून पाहिली. कोनाड्यातली तुझी तेलाची बाटली उकिरड्यावर टाकली. उंबऱ्यापाशी फरशी ठोकून पाहिली. मी असलं काही मानत नाही, हे तुला ठाऊक आहे. तुझी सासू मानते, म्हणून पाहिलं.

दुसरं. तुझ्या वडिलांचा निरोप पोचला. संक्रांत झाली की शहाद्याला बसून फारकतीचा कागद करायचा. समाजाच्या पितांबरभाऊंनी १९ जानेवारी ठरवली आहे. भावेश हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही. म्हैस पिळताना तिच्याशी बोलतो, माणसांशी नाही. कागद करायचा तर करा, पण त्याआधी मला माझ्या प्रश्नाचं उत्तर पाहिजे.

बाकी घर ठीक. माझा बंबाचा गाडा अजून झकास चालतो. गल्लीत तिघींनी तसाच करून घेतला.

आशीर्वाद राहू दे सध्या.

धनुबाई

कळसाडी, १४ डिसेंबर २०२४

मयूरी,

उत्तर नाही. बरं. मी माझं काम चालू ठेवलं आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे तुला हसायचं तर हसून घे. परवा सकाळी मी डोक्याला फडकं बांधून अंगणात बसले होते. तुझी सासू मीनाबाई शेण काढता काढता थांबली. पंचवीस वर्षांत माझ्यापुढे मान वर न केलेली बाई. म्हणते कशी, "माय, डोकंच काय, काम दिसनं का पाय बी दुखतीन आते."

माझंच वाक्य. फेब्रुवारीत तुझे वडील ओसरीत बसले होते, तू दाराशी उभी होतीस, तेव्हा मी ते तुझ्यावर फेकलं होतं. तेव्हा सगळे हसले होते. परवा फक्त मीनाबाई हसली. चांगलं वाक्य होतं, एवढं मात्र म्हणेन. आपल्यावर आलं की कसं लागतं ते वेगळं.

तर काम. शहाद्याच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, म्हणाले तरण्या बाईसारखा आहे. चष्मा बदलून दिला. गोळ्या दिल्या. गोळी घेतली तरी डोकं, नाही घेतली तरी डोकं. मीनाबाईने मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्याने फक्त खोकला आला.

मग मी ठरवलं, हे आपणच काढायचं. भाजी बिघडली आणि तू मीठ, तिखट, पाणी सगळं एकदम ओतलंस, तर काय कमी होतं ते जन्मात कळणार नाही. एका वेळी एकच वस्तू बदलायची. तीन दिवस उशी बदलली. डोकं आलं. तीन दिवस उत्तरेकडचं डोकं पूर्वेला केलं. आलं. तीन दिवस नवी गोधडी काढून जुनी घेतली, नव्या कापसाचा दोष असेल म्हणून. आलं. त्या खोलीचा रंग ओला नाही, भिंतीला ओल नाही, छपरात पाल नाही.

भावेशला विचारलं, "तू त्या खोलीमा झोपे तवय तुन्हं डोकं दुखे का?"

म्हणाला, "नही. मी तं चारलेच उठू ना, म्हशी पिळाले."

"आन ती?"

त्याने बादली उचलली. मग म्हणाला, "आजी, ती रोज सांगे. तू आयकं नही."

एवढं बोलून निघून गेला. तेवढं बोलला म्हणून मला बरं वाटलं. म्हशीला सोडून माणसाशी बोलला.

आता तुला खरं विचारते, टोमणा नाही. तुझं डोकं कुठून सुरू व्हायचं? मानेतून? दहापर्यंत उतरायचं का? घराबाहेर पडल्यावर? चैत्रात लग्न करून आलीस तेव्हा ठणठणीत होतीस, पापड लाटायला माझ्या बरोबरीने बसायचीस. दिवाळीनंतर सुरू झालं. मला तेव्हा वाटलं होतं, नव्याची नवलाई संपली.

१९ तारखेला पाच आठवडे आहेत.

धनुबाई

कळसाडी, २२ डिसेंबर २०२४

मयूरी,

भावेशच्या मोबाइलवर तुझी एक ओळ आली. त्याने मला वाचून दाखवली. "आजींना सांगा, कपाटाच्या दाराच्या आतून यंदाच्या जानेवारीचं कॅलेंडर आहे, ते बघा."

एवढंच. नमस्कार नाही, कशा आहात नाही. माझी नातसून शोभतेस.

कपाट मी दिवाळीत दोनदा पुसलं होतं, दाराच्या आतल्या बाजूला कधी पाहिलं नाही. तिथे जानेवारीचं पान खिळ्याला टांगलेलं. दुधाचा हिशोब लिहिलेला असेल म्हणून कुणी काढलं नसावं. तारखेच्या चौकोनात तू पेनाने बारीक फुल्या केल्या आहेस. एक फुली, एक सकाळ. मी बसून पाहिलं. एक ते आठ, सगळ्या फुल्या. सतरापासून महिनाअखेरपर्यंत, फुल्या. आणि नऊ तारखेपासून सोळापर्यंत काही नाही. आठ चौकोन कोरे.

मी विचार केला, ही त्या आठवड्यात माहेरी गेली असेल. पण नव्हतीस. संक्रांत पंधराला होती. तू इथेच होतीस, तीळगूळ तूच वाटलास, पहिल्या संक्रांतीची काळी साडी नेसून. मग ते आठ दिवस तुझं डोकं कुठे गेलं होतं?

रात्रभर डोक्यात तेच. त्या आठवड्यात घरात काय नव्हतं? पाहुणे होते, म्हशी होत्या, मी होते. मग सकाळी न्हाणीत पाणी घेताना हात तसाच राहिला.

आता पुढचं लिहीत नाही. आधी पाहते.

तुला एक सांगते. हे फुल्या करायचं डोकं तुला कुणी दिलं? मी तीन दिवसांच्या हिशोबात फिरत होते आणि तू अख्खा महिना आधीच मांडून ठेवला होतास. मला दाखवलं का नाहीस, असं विचारणार होते. विचारत नाही. मी पाहिलं नसतं.

धनुबाई

कळसाडी, २८ डिसेंबर २०२४

मयूरी,

सहा सकाळी झाल्या. डोकं नाही. एकही नाही. काल सहा वाजता उठून गवार निवडली, जेवणात दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

कारण मला कळलं आहे. तुला सांगणार नाही. अजून कुणाला सांगितलेलं नाही. चुनीलाल आईचं कौतुक करतोय, माय बरी झाली म्हणून गल्लीत सांगत फिरतोय. कशाने बरी झाली हे त्याने विचारलं नाही. माझा मुलगा असून विचारलं नाही, याचं वाईट वाटतं.

मीनाबाईने मात्र विचारलं, "माय, बंब बाहेरच का ठेवना इतला दिन?"

मी म्हटलं, "चाक आवाज करस."

खोटं बोलले. चाक काही आवाज करत नाही.

धनुबाई

कळसाडी, ६ जानेवारी २०२५

मयूरी,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. लांब आहे. अक्षर वाकडं आहे, ते वयाने नाही. तीन दिवस दवाखान्यात होते.

तुला गाडा आठवतो का? तुझ्या लग्नाच्या वर्षी, दिवाळीआधी, मी शहाद्याच्या वेल्डरकडून चार चाकांचा लोखंडी गाडा करून घेतला. माझ्या माहेरचा तांब्याचा बंब, पन्नास वर्षं चिंचेने घासलेला. नवं घर बांधल्यावर न्हाणी बोळीत आली आणि बंब अंगणात राहिला. पाणी बादल्यांनी आणताना निम्मं गार होई. भावेश म्हणाला, गीझर घेऊ. मी म्हटलं, तू वीज आण, मी पाणी तापवते. आणि माझ्या डोक्यातून गाडा निघाला. साडेचारला अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्या आणि बाभळीचं लाकूड घालून बंब पेटवायचा. धूर सगळा बाहेर जाऊ द्यायचा. नुसते लाल निखारे राहिले, धूर थांबला, की गाडा ढकलत बोळीत आणायचा आणि थंडी येऊ नये म्हणून बोळीची दोन्ही दारं लावायची. सातपर्यंत सगळ्यांना उकळतं पाणी. घरात धुराचा एक कण नाही. लोक पाहायला आले. मी मिरवले. का नाही मिरवायचं?

तुझी खोली त्याच बोळीत. खिडकी नाही, कारण ती भिंत शेजाऱ्याकडची म्हणून मीच ठेवू दिली नाही. भावेश चारला जाई आणि तुला गारठा लागू नये म्हणून दार नुसतं लोटून जाई. खाली फट. मी निखारे दाराशी आणून ठेवी आणि तू आत सहापर्यंत झोपलेली. त्या झोपेबद्दल मी तुला किती बोलले ते लिहीत नाही, दोघींना पाठ आहे.

मी तेव्हा ओसरीत असायचे, मोकळ्या हवेत. मला काही होत नव्हतं. यंदा बंब आणून ठेवला की त्याच खोलीत तासभर परत पांघरूण घेऊन पडू लागले. पडते, झोपत नाही. बरं, झोपते.

गेल्या वर्षीचे ते आठ कोरे चौकोन. बंबाची तोटी गळत होती, ८ तारखेला चुनीलालने तो तांबटाकडे टाकला आणि १६ ला संध्याकाळी आणला. संक्रांतीचं न्हाण आपण पातेल्यातल्या पाण्याने केलं, मी दिवसभर त्यावरून कुरकुर केली होती. आठवतं? घरात नव्हता तो बंबच होता.

म्हणून मी २३ डिसेंबरपासून बंब बाहेरच ठेवला, पाणी बादल्यांनी आणलं. डोकं थांबलं. पण एवढ्याने मी मान्य करणारी नाही. बाहेर ठेवला आणि थांबलं, तर आत आणल्यावर यायला पाहिजे. नाहीतर ती नुसती योगायोगाची गोष्ट. तेव्हा २ जानेवारीला मी पुन्हा बंब आत ढकलला, दारं लावली आणि गादीवर पडले. खात्री करायची होती.

झाली. पाऊण तासाने उठायला गेले तर पायात जोर नाही. हाक मारावी तर तोंड उघडेना. दारापर्यंत सरकले, दार ओढलं, तिथेच पडले. मीनाबाई चूल पेटवायला उठली होती म्हणून. तिने बोळीचं दार उघडलं, मला फरफटत अंगणात नेलं. एरवी माझ्या अंगाला हात लावायला घाबरणारी. त्या दिवशी बोलली ते सगळं लिहीत नाही, पण त्यात एक शिवी होती आणि ती योग्य होती.

शहाद्याला नळी लावून हवा दिली. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, निखारे बंद जागेत ठेवले होते?" मी म्हटलं, "धूर नव्हता." ते म्हणाले, धूर नसला तरी निखाऱ्यातून विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. रोज थोडा थोडा घेतला की सकाळी डोकं दुखतं, मळमळतं, बाहेरच्या हवेत उतरतं.

मी म्हटलं, "मला आधीच कळलं होतं."

"कुणी सांगितलं?"

"मीच शोधलं." आणि मी त्यांना सांगितलं. उशी, दिशा, गोधडी, मग बंब बाहेर दहा दिवस, मग परत आत. डॉक्टरांनी शिकाऊ पोरींना बोलावलं आणि म्हणाले, "ऐका, तपास असा करायचा. फक्त शेवटची पायरी स्वतःवर करायची नाही." मग मला विचारलं, "शिक्षण किती?" "तिसरी." त्या पोरी माझ्याकडे बघत राहिल्या. मयूरी, बहात्तर वर्षांत कुणी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

पण खाटेवर पडल्यावर आठवलं, मी त्यांना फुल्यांचं सांगितलं नाही. तुझं कॅलेंडर. ते मी गाळलं. माझ्या नळीतली हवा एकदम जड झाली.

धनुबाई

कळसाडी, १६ जानेवारी २०२५

मयूरी,

काल पितांबरभाऊ आले. १९ तारखेची बैठक पक्की करायला. ओसरीत तेच गल्लीतले चार लोक बसले, जे फेब्रुवारीत हसले होते. मी आतून तुझं कॅलेंडर आणलं, त्याच्या शेजारी माझं, या थंडीत मी फुल्या केलेलं. माझ्या फुल्या मोठ्या, तुझ्या बारीक. दोन्ही त्यांच्यापुढे ठेवली आणि काय काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं. गाडा पण सांगितला.

पितांबरभाऊ टोपी काढून डोकं खाजवू लागले. "धनुबाई, म्हंजे पोर खरं बोलत होती?"

"मंग मी इतला वेळ काय सांगी ऱ्हायनू?"

"मग चूक तुमची."

"चूक मन्ही. शोध बी मन्हा," मी म्हटलं. "निम्मा. निम्मा तिन्हा. तिन्या फुल्या नसत्या तं आज मन्हा तेरावा जेवी ऱ्हायना ऱ्हातात तुम्ही."

कुणी हसलं नाही. मीनाबाई दारात उभी होती, तिने पदर तोंडावर घेतला. ती हसत होती का ते विचारलं नाही.

भावेश पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "मी कागदवर सही करावू नही." इतकं साधं वाक्य बोलायला त्याला वर्ष लागलं. पितांबरभाऊ म्हणाले, मग मी सुरतेला फोन करून बैठक पुढे ढकलतो. मी म्हटलं, पुढे ढकलू नका, तिच्या मनावर सोडा. कागद तिला पाहिजे असेल तर १९ ला मी स्वतः येऊन सही करायला लावीन भावेशला. खोटं ठरवून तिला घालवलं होतं. आता खरं ठरवून ओढून आणायचं नाही.

गल्लीतल्या तिघींच्या घरी मी काल संध्याकाळीच गेले. गाडे अंगणात काढायला लावले. मोतीबाईची सून म्हणाली, तिचंही डोकं महिनाभर दुखतं, पण सासूला सांगायची हिंमत नव्हती. मोतीबाई माझ्याकडे बघू लागली. मी तिला बघू दिलं.

माझा बंब मोडीत टाकलेला नाही. त्याचा काही दोष नाही. तो अंगणात उघड्यावर आहे, जिथे पन्नास वर्षं होता, आणि गाड्याच्या चाकांवर भावेशने दुधाचे कॅन ठेवले आहेत. पाणी बादल्यांनी आणतो. थोडं गार होतं. होऊ दे.

शेजाऱ्यांच्या घरी जाऊन मी भिंतीत खिडकी पाडायची परवानगी मागितली. मागितली हा शब्द मी आयुष्यात कमी वापरला आहे, म्हणून दोनदा लिहिते. मागितली. दिली त्यांनी. मिस्त्री आज संध्याकाळी गेला. खिडकी दोन हात रुंद आहे, त्यांचं उसाचं शेत दिसतं. मी तीन रात्री अजून तिथे झोपणार आहे, पाहिल्याशिवाय मी काही सांगत नाही.

खिडकीशेजारी खिळा ठोकला आहे. त्यावर यंदाच्या कॅलेंडरचं जानेवारीचं पान लावलं आहे, कोरं. पेन दोऱ्याने बांधून ठेवलं आहे, कारण या घरातली पेनं पळतात. तू यायचं ठरवलंस तर त्या खोलीत झोप आणि तुझ्या हाताने खूण कर, मी विचारणार नाही, पाहीन. एकही फुली दिसली तर तुला परत सुरतेच्या गाडीत मी बसवून देईन, आणि त्या दिवशी दोष खोलीचा आणि माझा, तुझा नाही, असं ओसरीत उभं राहून सांगेन. नाही आलीस, तर ते पान कोरं राहील आणि मी ते तसंच ठेवीन.

दवाखान्यात त्या शिकाऊ पोरींना मी आज फोन केला. म्हटलं, लिहून घ्या, शोध दोघींचा आहे. दुसरीचं नाव मयूरी. त्या म्हणाल्या, आजी, लिहून घेतो, तुमचं नाव आधी लिहू?

मी म्हटलं, तिचं.

आशीर्वाद. पहिल्या पत्रातला राहिलेला पण यातच धर.

तुझी आजी
धनुबाई